कॅम्पातलं जुन्या पुस्तकांचं दुकान : साडेतीन स्टार, अर्धा सोळा पानांसाठी कापलाय

बेळगावात जुनी पुस्तकं म्हटलं की लोकं दहावी आणि पीयूसीची (अकरावी-बारावी) गाइडंच शोधतात, तीही इथं आहेत, पण मी सांगतोय ते मागच्या मांडणीबद्दल. कॅम्प म्हणजे लष्कराची छावणी असल्यामुळं मिल्ट्रीची पुस्तकं इथं लय येतात. दुकानवाले काका म्हणतात ऑफिसर लोकं बदली झाली की पेट्या रिकाम्या करून जातात. बोर्ड कन्नडात, हिशोब मराठीत, आणि धूळ दोन्हीकडची. उभं राहून अर्धा तास वाचलं तरी काका काय म्हणत नाहीत, फक्त एकदा विचारतात, "घेऊलालास की नुसतंच बघूलालास?"

तिथं मला फ्रिडो फॉन झेंगर उंड एटरलिन या जर्मन जनरलनं स्वतः लिहिलेल्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक मिळालं. (बायकोनं त्याचं नाव शेंगा जनरल ठेवलंय.) 350 सांगितले, 280 ला दिलं. घेतलं ते आज्जामुळं. आज्जा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधनं दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेलेला, आणि तिथल्याबद्दल विचारलं की चिखल लय होता एवढंच बोलायचा. म्हटलं पलीकडच्या बाजूचा माणूस तरी काय सांगतोय बघू.

आणि गडी साधा नाही. 1912 मध्ये ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला शिकलेला, पक्का कॅथलिक, मग पहिलं महायुद्ध, मग घोडदळ. 1940 ला फ्रान्स पडल्यावर दोन वर्षं तुरीनला इटली-फ्रान्स शस्त्रसंधीच्या कमिशनवर, म्हणजे टेबलावरची नोकरी. तिथनं उचलून ऑक्टोबर 1942 मध्ये थेट रशियात 17 व्या पँझर (म्हणजे रणगाड्यांच्या) डिव्हिजनवर टाकला, आणि डिसेंबरच्या बर्फात स्टालिनग्राडला अडकलेल्या जर्मनांपर्यंत पोचायची जी धडपड झाली त्यात हा होता, पोचले नाहीत ते सोडा. सप्टेंबर 1943 ला, इटलीनं जर्मनीची साथ सोडल्यावर, हा कॉर्सिका बेटावर असताना पकडलेल्या इटालियन ऑफिसरांना गोळ्या घाला म्हणून हिटलरची ऑर्डर आली, यानं पाळली नाही. त्यासाठी त्याला शिक्षाही झाली नाही, उलट पुढच्याच महिन्यात 14 वी पँझर कोअर मिळाली आणि 1 जानेवारी 1944 पासून जनरल. हे वाचून मी थांबलो जरा. म्हणजे नाही म्हणता येत होतं की, मग बाकीच्यांनी का नाही म्हटलं?

इटलीतल्या मोंटे कॅसिनोच्या लढाईचा भाग सगळ्यात भारी. टेकडीवर मठ, खाली याचे सैनिक, आणि हा स्वतः त्या मठातल्या साधूंच्याच बेनेडिक्टाइन पंथाशी जोडलेला माणूस. 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मठ पाडला, वर जर्मन सैनिक नव्हते असं हा ठाम सांगतो. नंतर म्हाताऱ्या मठाधिपतीला आपल्या हेडक्वार्टरला आणून रेडिओवर बोलायला लावलं, ते मात्र मला पटलं नाही, देवमाणसाचा प्रचाराला वापर तो वापरच. एकूणच आपल्याकडं साहेब लोकं रिटायर झाल्यावर मी तेव्हाच बोललो होतो म्हणतात ना, तो सूर अधूनमधून येतोच. नाझी पटत नव्हते, पण 4 मे 1945 ला फ्लॉरेन्सला जाऊन अमेरिकन जनरल क्लार्कपुढं शरणागतीसाठी उभं राहीपर्यंत नोकरी चालूच होती.

आता तक्रार. 11 मे 1944 च्या रात्री कॅसिनोवर शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला, आठव्या इंडियन डिव्हिजननं गारी नदी ओलांडली, आज्जाची बटालियन त्याच डिव्हिजनमधली. मी पन्नास रुपयांची टॉर्च घेऊन रात्री लाइट गेलेली असताना तिथपर्यंत पोचलो आणि पान उलटतो तर पुढची सोळा पानं नाहीत! सबंध फर्माच गायब, शिवण उसवून पडलेला. गंमत म्हणजे पुढच्या पानांवरनं कळलं की हल्ला झाला तेव्हा साहेब पण मोर्च्यावर नव्हते, हिटलरकडनं मेडल घ्यायला जर्मनीला गेलेले, 17 तारखेला परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी मठावर पोलिश सैनिक. म्हणजे त्या दिवशी पुस्तकही नाही, जनरलही नाही, आणि आज्जाही काय सांगून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी खानापूरहून परत बस पकडून गेलो. काकांनी वाद घातला नाही, पानं बोटानं मोजली, 60 रुपये परत दिले आणि दुसरी कॉपी आली तर तेवढ्या पानांचं झेरॉक्स काढून ठेवतो म्हणाले. तीन महिने झाले. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळी चहा पाजला, आणि दोन्ही वेळी मी आणखी एक पुस्तक घेऊन आलो.

जाणार असाल तर विकत घ्यायच्या आधी पानांचे नंबर बघा, खास करून मधले. दुपारी दीड ते चार बंद असतं. फोनपे आहे पण आत रेंज नाही, सुट्टे घेऊन जा.