यूव्ही प्युरिफायर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत, तापीच्या पाण्यावर वापरून

गेल्या दिवाळीत भुसावळच्या घरी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू निकामी करणारा, प्युरिफायर बसवला. आरओ मुद्दामच घेतला नाही. आमच्या नळाला तापीचं पाणी येतं, ते खारं नाही. मग निम्मंअधिक पाणी मोरीत सोडणारं मशीन कशाला? काळजी होती ती काविळीची. आदल्या पावसाळ्यात गल्लीतले दोघंजण महिनाभर अंथरुणाला खिळले होते. काविळीचे ए आणि ई हे दोन्ही विषाणू पाण्यातून पसरतात, आणि इतके बारीक असतात की साध्या कँडलमधून आरपार जातात.

शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हाऊ निळा दिवा कसाले शे?" विचारायला हवा तो प्रश्न हाच. खरं काम करणारा प्रकाश त्या निळ्या उजेडात दिसतच नाही. तो 254 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. जंतूंचा डीएनए 260 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतो, म्हणून हा दिवा बरोबर वर्मावर बसतो. डीएनएच्या साखळीत थायमिन, सायटोसिन अशी चार रासायनिक अक्षरं असतात; त्यातले शेजारी असलेले दोन थायमिन तो प्रकाश शोषून एकमेकांनाच चिकटतात. हॉलंडमधल्या ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांनी 1960 मध्ये गोठवलेल्या थायमिनच्या द्रावणात ही जोडी ओळखली. चेनचे दोन दात एकमेकांत अडकले की रनर पुढे सरकत नाही, तसं डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम तिथे अडतं. काविळीच्या या विषाणूंत डीएनएऐवजी आरएनए असतो. तिथे थायमिनच्या जागी असणाऱ्या युरॅसिलच्या अशाच जोड्या जुळतात. विषाणू पाण्यात राहतो, आपल्या पोटातही जातो, पण त्याला स्वतःची नक्कल काढता येत नाही.

भाचा बी.एस्सी. करतोय. त्याची शंका अशी, की यातून वाचलेला विषाणू बदललेला निघाला तर? शंका पोकळ नाही. जाँ वाइगल यांनी 1953 मध्ये हेच पाहिलं होतं: यूव्ही दिलेला लॅम्डा फेज (बॅक्टेरियांना लागण करणारा विषाणू) यूव्ही दिलेल्याच बॅक्टेरियात सोडला, तर तो जास्त संख्येने वाचतो, आणि वाचलेल्यांत उत्परिवर्तनंही, म्हणजे डीएनएतले बदलही, जास्त सापडतात. बिघडलेल्या जागेवरून पेशी कशीबशी नक्कल पुढे रेटते आणि चुकीचं अक्षर बसतं, बहुधा सायटोसिनच्या जागी थायमिन. असे बहुतेक बदल विषाणूलाच महागात पडतात. मला जास्त धास्ती वाटते ती धडधाकट वाचणाऱ्यांची. ॲडेनोव्हायरस या बाबतीत सगळ्यात चिवट. त्याचा डीएनए दुपदरी असतो आणि आपल्याच पेशीची दुरुस्ती-यंत्रणा वापरून तो सावरतो. दर चौरस सेंटिमीटरला 40 मिलिज्यूल इतकी यूव्हीची मात्रा बऱ्याच जंतूंना पुरते, पण ॲडेनोचे 99.99 टक्के विषाणू निकामी करायला अमेरिकेच्या नियमांत 186 मिलिज्यूल धरतात. दुकानात लिटर आणि वॉट सगळे सांगतात. तुम्ही मात्रा विचारा. आम्हाला ती तीन दुकानं फिरल्यावर कळली.

आणि ही मात्रा घरात रोज घटत असते. होळीनंतर सर्व्हिसवाला आला, दिवा पाहिला आणि म्हणाला, "लागतोय ना, मग मशीन ओके." मी त्याला दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी काढायला लावली. साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून तिथे क्वार्ट्झ लागतं. नळीवर खालच्या बाजूला नखाने खरवडता येईल असा पांढरट थर होता. उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी मिसळतो, त्याचा क्षार. लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून मऊ कापडाने पुसली तेव्हा नळी आरपार दिसायला लागली. हे काम सर्व्हिसच्या यादीतच नव्हतं. दिवाही जुना झाला की निळा तसाच दिसतो, पण यूव्ही कमी पडत जातं. त्यामुळे वर्षाने तो बदलायचाच.

पावसाळ्यात तापी लाल-गढूळ होते. गाळाच्या कणाआड लपलेल्या विषाणूपर्यंत प्रकाश पोचत नाही. आम्ही पाणी तुरटी फिरवून रात्रभर निवळतो, मग मशीनला देतो. आधीची गाळणी त्या दिवसांत लवकर तुंबते, जास्तीची आणून ठेवा. लाइट गेली की मशीन पाणी सोडत नाही. हे मला पटतं, पण भारनियमनात भरलेली कळशी हाताशी लागतेच.

क्लोरीनसारखा यूव्हीचा असर पाण्यात मागे राहत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात माठाशिवाय भागत नाही, आणि माठात पाहुण्यांचा हात बुडला की सगळी मेहनत वाया. आईने आता नळाचा माठ घेतलाय.

बोअरवरच भागवणाऱ्यांनी हे मशीन एकटं घेऊ नये; क्षार यूव्हीने तसूभरही कमी होत नाहीत. नळाच्या पाण्यावर मात्र मी पुन्हा हेच घेईन. एक तक्रार राहतेच. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत पाण्यापर्यंत पोचणारं यूव्ही मोजणारा सेन्सर असतो. आमचं मशीन नुसते तास मोजतं. तो सेन्सर बसवलेलं घरगुती मॉडेल कुणी वापरत असेल तर कळवा, चार पैसे जास्त द्यायची माझी तयारी आहे.