मालकाने पुढे व्हावे की व्यवस्थापकावर सोपवावे? टॉवेल कारखान्यात ईआरपी आणण्यापूर्वी

सोलापूरच्या एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल कारखानदाराने सूतखरेदी, डाइंग, यंत्रमाग, शिलाई, पॅकिंग आणि निर्यातीची कागदपत्रे एकाच संगणकीय प्रणालीत, म्हणजे ईआरपीत, आणायचे ठरवले, की सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावर महिनोन्महिने खल होतो. हे काम स्वतः हाती घ्यावे की विश्वासू व्यवस्थापकावर सोपवावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. दोन्ही पद्धतींत धनादेशावर सही मालकाचीच असते, त्यामुळे आरंभी त्यांतला फरक जाणवत नाही.

व्यवस्थापकाकडे काम देण्याचे फायदे खरे आहेत. रोजच्या व्यवहारांतील खाचाखोचा त्याला ठाऊक असतात आणि मालकाचे लक्ष बाजारावरून हटत नाही. काम एकाच विभागापुरते असेल, तर हाच मार्ग स्वीकारावा. 5 कोटींवरील उलाढालीला 1 ऑगस्ट 2023 पासून लागू झालेले ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बीजक, हे त्याचे उदाहरण होय; कायद्याचीच सक्ती असल्याने तेथे मालकाच्या आग्रहाची फारशी गरज उरत नाही.

अनेक विभाग गुंतले की चित्र पालटते. सूत वजनावर येते, टॉवेल नगांवर मोजला जातो आणि मधल्या प्रक्रियेत वजन घटते. ही घट कोणाच्या खाती मांडायची, हे डाइंग मास्तर ठरवत नाही आणि गोदामवालाही ठरवत नाही. व्यवस्थापकाचा अधिकार दोघांनाही मान्य नसेल, तर प्रश्न लोंबकळत राहतो, माणसे मुकाट्याने जुन्या वहीकडे वळतात आणि एकच नोंद दोनदा करण्याचा खर्च कारखान्याच्या माथी बसतो. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने सुमारे 50 कोटी युरो खर्च झाल्यावर 2018 मध्ये सॅप या कंपनीच्या सॉफ्टवेअरवरील आपला प्रकल्प गुंडाळला. मालसाठा खरेदी किमतीने मोजण्याची जुनी रीत न सोडता सॉफ्टवेअरच बदलत राहणे, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. अशी रीत सोडायची की ठेवायची, हे शिखरावरच्यांनाच ठरवावे लागते.

मालकाने नेतृत्व केल्यास असे वाद एका बैठकीत मिटतात, परंतु त्याच्यासमोर ‘हे चालत नाही’ असे म्हणायला कोणी धजत नाही. त्याहून घातक सवय अशी की गडबडीच्या दिवसांत तोच फोनवरून नोंदीविना माल सोडायला सांगतो. मग इतरांनी नियम का पाळावा? भावाभावांच्या भागीदारीत अंतिम शब्द कोणाचा, हेही आधीच ठरलेले बरे.

माझ्या मते साठा आणि उत्पादन हे सॉफ्टवेअरचे भाग घ्यायचे असतील, तर रोजची अंमलबजावणी व्यवस्थापकाकडे द्यावी, मात्र वादांचा निवाडा मालकाने दर आठवड्याला ठरलेल्या वेळी स्वतः करावा. तेवढा वेळ देणे शक्य नसल्यास करार करताना केवळ हिशेब आणि विक्री हे भाग घ्यावेत आणि उरलेल्या भागांचे पैसे आगाऊ देऊ नयेत.