चावी बंद, तरी ठिणगी

लिहायला लाज वाटतेय. माझ्या जुन्या गाडीपायी, मेकॅनिकच्या सांगण्यावरून, १५ दिवसांत २ बॅटऱ्या, १ रेग्युलेटर (चार्जिंग आवरणारा डबा) आणि डायनॅमोच्या (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) १ 'रिवाइंडिंग'चे, म्हणजे आतल्या तारा नव्याने गुंडाळण्याचे, पैसे मोजले. दोष निघाला डिकीतल्या ५ वॅटच्या दिव्यात. झाकण लावलं तरी तो जळतच राहायचा.

१२ व्होल्टला ५ वॅट म्हणजे साधारण ०.४ अँपिअर, दिवसाला १० अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच दिवसांत आडवी. नवी टाकली, तीही आडवी. गिऱ्हाईक परत दारात.

मेकॅनिकची पहिली थाप जुनीच. उतरलेल्या बॅटरीला लोड टेस्टर (बॅटरीवर मोठा भार टाकून व्होल्ट दाखवणारा मीटर) लावायचा आणि काटा कोसळला की "सेल गेलाय" म्हणायचं. अहो, ११.८ व्होल्टवर आलेली धडधाकट बॅटरीसुद्धा त्या टेस्टरखाली मान टाकणारच! आधी पूर्ण चार्ज करा, काही तास तशीच ठेवा, १२.६ च्या आसपास टिकली तरच लोड लावू द्या. बुचं उघडत असतील तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घाला. सगळे सेल १.२७० च्या जवळपास हवेत, एखादाच ०.०५० ने मागे असेल तर मग खुशाल संशय घ्या.

दुसरी थाप डायनॅमोची. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतोय, मीटर १२.२ दाखवतोय, म्हणून "डायनॅमो गेला". डायनॅमोवाली गाडी आयडलला धड चार्ज करत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. "जरा रेस देऊन दाखव" एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

खरी तपासणी पाच मिनिटांची. डायनॅमोवरच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) टर्मिनलच्या वायरी काढा, ती दोन टर्मिनल एकमेकांना जोडा, मीटरचं एक टोक तिथे, दुसरं बॉडीला. रेस हळूहळू वाढवा, मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या पुढे नको. २० व्होल्टपर्यंत सरळ चढला तर डायनॅमो ठणठणीत. अर्ध्या-एक व्होल्टवर अडला तर फील्ड कॉइल (आतली स्थिर गुंडाळी) बघा, ४-५ वर अडला तर आर्मेचर (फिरणारी गुंडाळी). काहीच आलं नाही तर आधी कार्बन (फिरत्या भागावर घासणारे ब्रश) बघा.

'रिवाइंड' होऊन आलेला डायनॅमो काळाभोर चमकत होता. मागच्या लांब बोल्टच्या खाचेत नखाने खरवडलं, तर रंगाखाली जुनं ग्रीस तसंच. स्क्रूड्रायव्हर लागलाच नव्हता.

पण सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दुसरी बॅटरी बसवताना टर्मिनल टेकवलं आणि बारीक ठिणगी उडाली. चावी बंद, दिवे बंद, दारं लावलेली. मग करंट जातोय कुठे? मी पाहिलं, मेकॅनिकनेही पाहिलं, आणि त्याने झटकन क्लॅम्प आवळला. मीटर वापरता येत नाही असंही नाही मला. पण दुसऱ्याच्या हातात पाना असला की आपण गप्प बसतो, तसाच बसलो.

तक्रारीचं तर विचारूच नका. बॅटरीवाला म्हणे, चार्जिंगचा दोष वॉरंटीत येत नाही. पोलीस म्हणे, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अहवाल आणा. अहो, ती कंपनी बंद पडून कित्येक वर्षं झाली! तसं लेखी द्या म्हणाले. दिलं. मग बिलावर नुसतं 'इलेक्ट्रिक काम' लिहिलंय, त्यातून काय सिद्ध होणार, असा शेरा मारून अर्ज परत. म्हणून प्रत्येक सुट्या भागाचं नाव बिलावर लिहून घ्या, जुना भाग परत मागा, आणि गाडी सोडण्याआधी डायनॅमोवर खिळ्याने आतल्या बाजूला खूण करा.

चावी बंद असताना होणारी करंटची गळती शोधायला बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून अँमीटर (करंट मोजणारा मीटर) मध्ये जोडा, १० अँपिअरच्या रेंजवर. घड्याळ सोडलं तर जुन्या गाडीत जवळपास शून्य यायला हवं. फ्यूज एकेक काढत जा. या गाड्यांत फ्यूज मोजून दोन-चार, काही वायरी फ्यूजविनाच, त्या हाताने सोडवाव्या लागतात. आणि अँमीटर जोडलेला असताना सेल्फ (स्टार्टर) मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल, मग तो मीटरही कुणीतरी 'रिवाइंड' करून देईल.