“घरातलं अर्थिंग खराब आहे, काका”

बावीस हजार दोनशे पन्नास रुपये. त्यातले १७,२०० इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचे (तारांचा आवाज पकडणारे मॅग्नेट-कॉइलचे माईक), २,५०० वायरिंगच्या मजुरीचे, ७०० ‘कॉपर शिल्डिंग’चे (गुणगुण रोखायला आतून लावतात तो तांब्याचा पत्रा) आणि १,८५० घराच्या अर्थिंगचे. हो, अर्थिंगचे. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

मी मिरजेत राहतो. जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्या गावात राहून मी तंतुवाद्यात फसलो. सतारमेकर गल्लीतले ओळखीचे हसतात, हसू देत.

इलेक्ट्रिक गिटारचं किट ९,८०० ला घेतलं होतं. बॉडी घासली, लॅकर मारला, नेक (दांडा) बसवला, सगळं स्वतः. किटमधले पिकअप सुमारच असतात, म्हणून भाच्याकरवी अमेरिकेतून हाताने गुंडाळलेल्या सिंगल कॉइल पिकअपचा तीन नगांचा सेट मागवला. अल्निको पाचची मॅग्नेटं, कापडी आवरणाच्या वायरी आणि सोबत हाताने लिहिलेला कागद: नेक ५.८, मिडल ५.९, ब्रिज ६.३ किलोओहम, मिडल आरडब्ल्यूआरपी, म्हणजे इतर दोघांच्या उलटा.

वायरिंगला घाबरणारा माणूस मी नाही, तरुणपणी ट्रान्झिस्टर दुरुस्त केलेत. पण किटमधला फाइव्ह-वे स्विच (पिकअप निवडायचा, पाच जागांचा) बंद डबीचा, आठ पिना एका रांगेत. डायग्राम बघावा तो उघड्या स्विचचा, दोन बाजूंना चार-चार पिनांचा. शिवाय माझ्या २५ वॉटच्या आयर्नने पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या) पाठीवर सोल्डर धरेना. तो पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो, तिथे ४० वॉटचं आयर्न लागतं. (हे त्यानेच सांगितलं. चोर होता, पण एवढं खरं बोलला.)

तो म्हणजे पुण्यातला एक ‘गिटार टेक्निशियन’. रील्स झकास, बोलणं गोड. सगळं घेऊन पहाटेच्या गाडीने गेलो. त्याने पिकअप हातात घेऊन पाच मिनिटं कौतुक केलं. मग म्हणाला, “काका, तुम्ही चहा घेऊन या, अर्धा तास लागेल.” आणि मी गेलो! सतरा हजारांचा माल टेबलावर टाकून चहाला गेलो. वर क्रीम रोलही खाल्ला. परत आलो तर पिकगार्डचे अकराच्या अकरा स्क्रू आवळलेले. आतलं काम बघू म्हटलं तर, “आता उघडलं तर शिल्डिंग फाटेल.” मग गेन वाढवून त्याने असा काही कल्लोळ केला की आत पिकअप आहेत की मिक्सर, कळायला मार्ग नव्हता. पैसे जीपे केले. पावती मागितली नाही. पहिल्याच भेटीत माणसावर अविश्वास दाखवायचा का, असं वाटलं. तुम्ही दाखवा.

घरी आल्यावर गिटार घूं करायला लागली. सिंगल कॉइल थोडी गुणगुणतेच. पण स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी नेला की दोन पिकअप एकत्र येतात, आणि मिडलचं कॉइल उलटं गुंडाळलेलं, मॅग्नेटही उलटं असेल तर ती गुणगुण विरते. आरडब्ल्यूआरपीचा अर्थच तो. माझी विरत नव्हती. पाचही जागी तीच घूं. तो कागद मी हिला तीनदा वाचून दाखवला होता आणि त्या क्षणी तो टेबलाच्या खणात, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडलेला होता. तिथे डोकं चालायला हवं होतं. मी काय केलं? त्यालाच फोन केला.

“काका, तारांना हात लावला की आवाज कमी होतो का? होतो ना? मग घरातलं अर्थिंग खराब आहे.”

तारा ग्राउंडला जोडलेल्या कुठल्याही गिटारचा आवाज हात लावल्यावर कमी होतो! हे मला महिन्याने कळलं. तोवर वायरमनने तुळशीशेजारी खड्डा खणून मीठ-कोळसा घातला होता.

शेवटी शेजारचा बारावीतला पोरगा होकायंत्र घेऊन आला. ते तिन्ही पिकअपवरून फिरवलं. मिडलवर सुई उलटी फिरायला हवी होती, तिन्हीवर एकाच बाजूला थांबली. तारा काढून पिकगार्ड उचललं. खाली माझ्या अल्निकोऐवजी काळे सिरॅमिक मॅग्नेटचे पट्टे चिकटवलेले, लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या वायरी, आणि कॉपर म्हणून लावलेला चक्क पोळ्या गुंडाळायचा फॉइल. मल्टिमीटरवर तिन्ही पिकअप ७.१ किलोओहम. मीटर ३८० रुपयांचा, तो आधी घ्या. पण ओहमच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, सिरॅमिकचाही सहा येऊ शकतो. पिकअप उलटा करून बघा.

चौकीत गेलो. हवालदारांनी विचारलं, “गिटार वाजतीय न्हवं? मग चोरी कसली?” तासभर समजावल्यावर त्यांनी लिहिलं, ‘गिटारीचे माईक, नग तीन’. मी ४२० म्हटलं तर, “ते गेलं, आता नव्या कायद्यात ३१८.” कलम ३१८ म्हणा, विश्वासघाताचं ३१६ म्हणा, लिहून तर घ्या! तर म्हणे गुन्हा पुण्यात घडला, पुण्यात जा. पुण्यात गेलो तर म्हणे राहता मिरजेत, तिकडे द्या. झिरो एफआयआर (गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही चौकीत नोंदवता येणारी तक्रार) हा शब्द काढला तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली, आणि “वकील आहात का?” विचारून पुन्हा खाली घातली. चार खेपा झाल्या. हातात आहे तो फक्त अर्जाच्या झेरॉक्सवरचा गोल शिक्का. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण तिथेही पहिला प्रश्न पावतीचाच येणार. म्हणून पावती घ्याच, कच्च्या कागदावर का होईना. देण्याआधी पिकअपच्या पोटाचा फोटो काढा, मार्करने खूण करा. आणि चहा थर्मासमधून न्या.

त्याने मला ब्लॉक केलंय. पोराच्या मोबाईलवर दिसतं, रील्स चालू आहेत.

माझे पिकअप क्रीम रंगाचे, कापडी वायरींचे आहेत, खालच्या बाजूला काळ्या शाईत ५.८, ५.९, ६.३ लिहिलेलं. कुणाकडे सेकंडहँड विकायला आले तर पैसे देऊ नका, आधी विकणाऱ्याचा नंबर घ्या आणि मला कळवा.