व्हिटबीचा डॅक्टिलिओसेरस कॉम्युने : फोटोत न दिसणारी कड आधी मागा

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ज्युरासिक अमोनाइटांमध्ये (नामशेष सागरी प्राण्यांच्या गुंडाळीदार शंखांच्या जीवाश्मांमध्ये) इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरच्या व्हिटबीचा दोन तुकड्यांचा गोटा जवळपास प्रत्येक जीवाश्मविक्रेत्याकडे असतो. एका तुकड्यात अमोनाइट, दुसऱ्यात त्याचा ठसा, आणि दोन्ही एकमेकांवर घट्ट बसतात. इथे तपासलेला नग 68 मिमी व्यासाचा आहे. किंमत 30 पौंड, सोबत लाकडी स्टँड आणि एक चिठ्ठी : ‘डॅक्टिलिओसेरस, ज्युरासिक, इंग्लंड’. नग उत्तम आहे. चिठ्ठी अर्धवट आहे. स्टँड तर काढूनच ठेवावा, कारण त्याच्या खाचेत नेमका शेवटच्या वेढ्याचा खालचा भाग झाकला जातो, आणि ओळख पटवायला तोच सगळ्यात जास्त लागतो.

आधी वेढे पाहू. शंख चपटा आणि सैल गुंडाळीचा आहे. नवा वेढा जुन्याला जेमतेम स्पर्श करतो, त्याला गिळत नाही. त्यामुळे मधली नाभी रुंद आणि उथळ दिसते. कॅलिपरने व्यास आणि नाभीची रुंदी एकाच रेषेत मोजायची : इथे 68 आणि 37 मिमी, म्हणजे नाभी व्यासाच्या सुमारे 54 टक्के. डॅक्टिलिओसेरसमध्ये असंच अपेक्षित असतं. हेच गुणोत्तर 25-30 टक्क्यांवर आलं, तर समोरचा प्राणी वेगळ्या कुळातला समजावा, विक्रेता काहीही म्हणो.

आता कंगोरे. ते नाभीच्या काठापासून निघतात, बाजूवरून सरळ किंवा किंचित पुढे झुकत जातात, बाहेरच्या खांद्याशी, म्हणजे बाजू जिथे कडेकडे वळते तिथे, बहुतेकांचे दोन फाटे होतात, आणि हे फाटे न तुटता कडेवरून, म्हणजे शंखाच्या बाहेरच्या गोल काठावरून, पलीकडच्या बाजूला उतरतात. मधूनच एखादा कंगोरा फाटा न फुटता एकटाच जातो. तो नगाचा दोष नव्हे. या नगात शेवटच्या अर्ध्या वेढ्यावर एकही गाठ नाही आणि कडेच्या मधोमध धार नाही. भिंग धरून कडेवरून पाहिलं की कंगोरे बोटाला लागतील इतके ठसठशीत आहेत, आणि दोन कंगोऱ्यांमधल्या खोलगट जागेत तांबूस खडकाची भुकटी अजून अडकलेली आहे. खडक कोरून नग मोकळा करणाऱ्याने एअर पेन (हवेच्या दाबावर चालणारं टोकदार हत्यार) कडेच्या मध्यरेषेच्या खालपर्यंत नेलं आहे. स्वस्तातल्या नगांत हे काम खांद्याशीच थांबवलेलं असतं आणि फोटो फक्त बाजूचा काढलेला असतो.

कड पाहण्याचा एवढा आग्रह कशासाठी, तर हा नग ज्या आलम शेल नावाच्या थरांतला आहे, त्यांतच हिल्डोसेरस हा दुसरा अमोनाइटही मिळतो. त्याच्या कडेवर उभी धार असते, धारेच्या दोन्ही अंगांना चर असतात, आणि बाजूवर वेढ्याच्या लांबीने जाणारी एक खाच असते. कंगोरे कोयत्यासारखे वळलेले. पूर्ण नगात दोघांत गोंधळ होण्याचं कारण नाही, झिजलेल्या किंवा अर्धवट उघडलेल्या नगात मात्र होतो. पेरोनोसेरस हा तिसरा अमोनाइट जास्त फसवा, कारण तो डॅक्टिलिओसेरसच्याच कुळातला आहे. त्याच्यात बाजूवरचे दोन कंगोरे खांद्याशी एका गाठीत येऊन मिळतात. ती गाठ घासून गुळगुळीत केली की नग बाजूने ‘कॉम्युने’ म्हणून सहज खपतो.

चिठ्ठीवर खरं तर असं हवं होतं : डॅक्टिलिओसेरस कॉम्युने (जे. सोवर्बी, 1815). हा कंस शोभेचा नाही : जाती मूळ वर्णनानंतर दुसऱ्या प्रजातीत गेली आहे, हे तो सांगतो. सोवर्बीने जातीचं (species) वर्णन ‘अमोनाइटिस’ या तेव्हाच्या सर्वसमावेशक प्रजातीखाली (genus) केलं होतं. डॅक्टिलिओसेरस ही प्रजाती हायटने 1867 मध्ये वेगळी काढली आणि कॉम्युने हीच तिची प्रमाण जाती, म्हणजे प्रजातीची ओळख ठरवणारी जाती, ठरली. पुढची उतरंड : कुळ डॅक्टिलिओसेराटिडी, महाकुळ इओडेरोसेराटॉइडिया, उपगण अमोनिटिना, गण अमोनिटिडा. थराचा पत्ता याहून महत्त्वाचा : व्हिटबी मडस्टोन फॉर्मेशन, आलम शेल मेंबर, खालचा टोआर्सियन (ज्युरासिकमधला एक कालखंड), बायफ्रॉन्स झोन, कॉम्युने उपझोन (अमोनाइटांवरून ठरवलेले थरांचे टप्पे), वय सुमारे 18 कोटी वर्षं. त्याच किनाऱ्यावर खालच्या ग्रे शेलमधून बारीक, दाट कंगोऱ्यांचा डॅक्टिलिओसेरस टेन्यूइकोस्टाटम येतो. तो कॉम्युनेहून जुना. नुसतं ‘डॅक्टिलिओसेरस, इंग्लंड’ लिहिलं की हा सगळा फरक पुसला जातो. शाळिग्रामातले बहुतेक अमोनाइट ज्युरासिकच्या शेवटाकडचे, हा सुरुवातीच्या ज्युरासिकचा; दोन्ही काळ्या गोट्यांतून निघतात म्हणून एका खणात मांडू नयेत.

विक्रेत्याच्या वर्णनात ‘शिवणरेषा स्पष्ट’ असं म्हटलं आहे. शिवणरेषा म्हणजे शंखाच्या आतले पडदे कवचाला जिथे जुळतात तिथली नागमोडी रेघ. त्या या नगात फक्त आतल्या वेढ्यांवर, जिथे वरचं कवच उडालं आहे तिथे, तुटक दिसतात. त्यात तक्रारीसारखं काही नाही. या कुळात प्राण्याचा राहण्याचा कप्पा लांब, जवळपास एक पूर्ण वेढा असतो, आणि त्या भागात पडदेच नसल्याने शिवणरेषा येणार कुठून? शेवटच्या वेढ्यावर सुबक नक्षी दिसली, तर ती कोणी कोरली, हे आधी विचारावं.

दोष दोन आहेत. गोटा हातोड्याने फोडताना मधले सर्वांत लहान वेढे बऱ्याचदा ठशाच्या तुकड्याला चिकटून राहतात. इथेही तसं झालं आणि ते सुपरग्लूने परत बसवले आहेत. जोड अंधारात अतिनील टॉर्चखाली फिकट निळा चमकला. दुरुस्ती नीट झाली आहे, पण वर्णनात तिचा उल्लेख नाही. दुसरं म्हणजे वरून मेण चोळलं आहे. त्यामुळे काळा रंग खुलतो, पण कंगोऱ्यांच्या तळाशी धूळ बसते. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने एका कोपऱ्यात पुसून पाहावं : मेण थोडं निघेल, काळा रंग भरपूर निघाला तर दगड रंगवलेला आहे. जोडाजवळ अ‍ॅसिटोन नेऊ नये, ग्लू सुटतो.

किनाऱ्यावरून उचललेल्या गोट्यात समुद्राचं मीठ मुरलेलं असतं. ते काढलं नाही तर महिन्याभरात पांढरी पूड वर येते. साध्या पाण्यात, रोज पाणी बदलत, आठवडाभर ठेवावं. मात्र नगात सोनेरी पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) दिसत असेल तर भिजवणं टाळावं. पायराइटवाले नग मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर जास्तच सांभाळावं लागतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडेशन होतं, गंधकाचं आम्ल तयार होतं आणि नग आतून फुटतो. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली ठेवावी. तडे दिसायला लागल्यावर मेण किंवा वार्निश लावून उपयोग नाही, आम्ल आतच कोंडतं. या नगात पायराइट नाही. कप्प्यांत कॅल्साइट (आम्लात विरघळणारं चुन्याचं खनिज) आहे. त्याला फक्त व्हिनेगर आणि लिंबापासून लांब ठेवायचं.

याच विक्रेत्याकडे सापाचं डोकं कोरलेला प्रकारही आहे. इथल्या मठाची प्रमुख असलेल्या संत हिल्डाने सापांचे दगड केले, ही व्हिटबीची आख्यायिका. गावाच्या चिन्हातही तसे तीन वेटोळे आहेत. शोभेला घ्यायला हरकत नाही, पण डोकं कोरताना शंखाचं तोंडच कापलं जातं आणि किंमत मात्र जास्त सांगतात.

30 पौंडांत हा सौदा पटतो तो ठशाच्या तुकड्यामुळे. तो जपून ठेवावा, विद्यार्थ्यांसाठी त्यातून हव्या तितक्या प्रतिकृती निघतात. ठशावर शंखजिऱ्याची पूड हलकी झटकून घट्ट मळलेली शाडू माती दाबायची, काठ थोडे सुकून सुटले की उलटी करून काढायची. प्लास्टर थेट ओतू नये, कंगोऱ्यांत अडकून बसतं. पुडीऐवजी तेल लावलं तर दगडावर कायमचा डाग राहतो.