जुन्या बाजारातला लूकास २५डी४: घ्यावा, पण आधी गोत्र विचारून

पुण्याचा जुना बाजार असो, कुर्ल्याचं भंगार असो की मुंबईचा चोर बाजार, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा ढीग दिसला की त्यात ब्रिटिश लूकास कंपनीचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला ठरल्या क्षणी ठिणगीचा करंट वाटणारा भाग, सापडण्याची शक्यता चांगली. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "अॅम्बेसेडरचा आहे साहेब." अर्ध्या तासाने एमजीवाला (जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा मालक) गिऱ्हाईक आलं की तोच तुकडा एमजीचा होतो. गंमत म्हणजे तो दोन्ही गाड्यांना बसतो. इंजिन चालूही होतं. पण बसणं आणि चालणं एवढ्यावरून तो त्या इंजिनासाठी बनला होता असं ठरत नाही, आणि या वस्तूतली सगळी फसगत तिथूनच होते.

वस्तू मात्र मस्त आहे. २५डी४ हा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आधीच्या डीएम२च्या जागी आला आणि १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्याची जागा ४५डी४ने घेतली. शेवटचा आकडा सिलिंडरांचा. सहा सिलिंडरांचा तो २५डी६. बऱ्याच गॅरेजांत याला डेल्को म्हणतात, अंगावर लूकासचं नाव ठळक ठोकलेलं असलं तरी. पन्नास-साठ वर्षं जुना तुकडा आजही खोलून, धुऊन, सुधारून वापरता येतो. त्याचे पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा), टोपी, रोटर (टोपीखाली फिरून करंट वाटणारा) नवे मिळतात. एवढी दुरुस्त होणारी वस्तू आता क्वचितच बनते.

२५डी४ ओळखायची पहिली खूण बाजूला असते. व्हॅक्यूमच्या डबीच्या (इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ पुढे सरकवणाऱ्या डबीच्या) कडेला दातेरी कडेची एक छोटी गोल चक्री आणि तिच्याजवळ A व R ही इंग्रजी अक्षरं असतात. चक्री एका बाजूला फिरवली की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे, दुसऱ्या बाजूला मागे. ४५डी४ला ही चक्री नाही, त्याची डबी दोन स्क्रूंनी अंगाला बसवलेली असते. हा फरक दुकानातच पाहून घ्यावा, कारण दोघांची टोपी, रोटर आणि पॉइंट एकमेकांना चालत नाहीत. दोन्हींचा माल एकाच खोक्यात पडलेला असतो आणि विकणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

आता नंबर. अॅल्युमिनियमच्या अंगावर, बाजूला, पाच आकडी नंबर ठोकलेला असतो, पुढे कधीकधी एखादं अक्षर. जवळच आणखी दोन छोटे आकडे: आठवडा आणि साल. २३ ६४ म्हणजे १९६४चा तेविसावा आठवडा. तेल आणि धुळीच्या थराखाली हे काहीच दिसत नाही. रॉकेलात भिजवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश पुरतो. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नये. ठोकलेले आकडे उथळ असतात आणि एकदा घासले की गेले. साफ झाल्यावर टॉर्च समोरून न धरता बाजूने, अगदी अंगालगत धरावा. आकड्यांच्या कडांची सावली पडते आणि समोरून कोरा वाटलेला पत्रा वाचता येतो.

काही नंबर पाठ असलेले बरे. ४०८९७ हा सुरुवातीच्या एमजीबीच्या (एमजीच्याच एका मॉडेलच्या) हाय कॉम्प्रेशन इंजिनाचा. त्याच गाडीच्या लो कॉम्प्रेशन इंजिनाला ४०९१६. गाडी तीच, इंजिन दिसायला तेच, पण डिस्ट्रिब्युटर वेगळा, म्हणून "एमजीबीचा आहे" एवढ्या सांगण्यावर थांबू नये. ४०८१९ दिसला तर मात्र सावध व्हावं. तो मिनी कूपर एसचा, प्रकार २३डी४, आणि त्याला व्हॅक्यूमची डबी मुळातच नसते. कूपर एसच्या भागांना भाव आहे, त्यामुळे साध्या २५डी४ची डबी काढून, भोक बुजवून तो २३डी४ म्हणून खपवणं अवघड नाही. टोपी काढली की खरंखोटं कळतं. २३डी४मध्ये पॉइंटखालची प्लेट पक्की असते. बोटाने फिरणारी दोन थरांची प्लेट आणि डबीचा दांडा अडकवायची खुंटी दिसली तर तो २३डी४ नव्हे.

अंगावर लूकास-टीव्हीएस असं असेल तर तुकडा भारतातला. ही कंपनी १९६१ साली उभी राहिली, कारखाना चेन्नईजवळ पाडीला. त्यांचा नंबर ब्रिटिश यादीत सापडला नाही तर नवल नाही आणि त्यात वाईटही काही नाही. अॅम्बेसेडरवाल्याने उलट असाच शोधावा.

पण नंबर सांगतो तो जन्म. मधल्या साठ वर्षांत आत कोणी काय घातलं हे तो सांगत नाही. एकाचं अंग, दुसऱ्याची कॅम (फिरताना पॉइंट उघडणारा भाग), तिसऱ्याची डबी असे जोडतोड केलेले तुकडे बाजारात सर्रास दिसतात. त्यामुळे खरी साक्ष आतल्या तीन गोष्टींची: डबी, कॅम आणि स्प्रिंगा.

डबी सर्वांत सोपी, ती न खोलता वाचता येते. तिच्यावर ५-१३-१० अशा धाटणीचे तीन आकडे ठोकलेले असतात. पहिला म्हणजे किती इंच पाऱ्याच्या ओढीला ती हलायला लागते, दुसरा म्हणजे कितीला पूर्ण ओढली जाते, तिसरा म्हणजे जास्तीत जास्त किती अंश. म्हणजे ही डबी ५ इंचांना (१२७ मिमी) सुरू, १३ इंचांना (३३० मिमी) संपली, आणि १० अंश अॅडव्हान्स दिला, म्हणजे ठिणगी तेवढी आधी पाडली. हे अंश डिस्ट्रिब्युटरचे. क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य शाफ्टवर) त्याची दुप्पट धरायची, कारण डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. हा दुपटीचा हिशेब विसरल्याने निम्मे वाद होतात. ५-१३-१० ही डबी वर सांगितलेल्या ४०८९७ला जुळते. दुसरेच आकडे निघाले तर डबी बदललेली आहे असं समजावं.

कॅमचा आकडा पाहायला खोलावं लागतं. दोन क्लिपा सोडून टोपी काढायची, रोटर सरळ वर ओढायचा (वाकडा ओढला तर फुटतो), पॉइंट आणि कंडेन्सर सोडवायचे, मग कडेचे दोन स्क्रू काढून प्लेट उचलायची. त्यातल्या एका स्क्रूखाली अर्थिंगची वायर असते, ती कुठे होती ते लक्षात ठेवावं. उचलण्याआधी डबीच्या दांड्याची स्प्रिंग खुंटीवरून काढायला विसरू नये, नाहीतर ओढाताणीत पडदा फाटतो. प्लेट निघाली की खाली दोन वजनं (वेग वाढला की उघडून टायमिंग पुढे नेणारी), दोन स्प्रिंगा आणि कॅमचा पाय दिसतो. त्या पायावर एक आकडा ठोकलेला असतो, समजा १०. म्हणजे वजनं पूर्ण उघडली की १० अंश, क्रँकवर २०. सुरुवातीच्या एमजीबीचं स्टॅटिक (इंजिन बंद असताना लावायचं) टायमिंग टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या, आधी १० अंश. म्हणजे व्हॅक्यूमची नळी काढून ठेवली तर २२०० आरपीएमच्या पुढे एकूण ३० अंश भरायला हवेत. त्याच जागी १५ लिहिलेली कॅम असेल तर तेच इंजिन ४० अंशांवर जाईल आणि खंबाटकीच्या चढाला खडखड ठोके देईल. उलट कमी अंशांची कॅम असेल तर ठोके नाहीत, पण गाडी आळशी, इंजिन गरम आणि पेट्रोलचं मीटर भरभर खाली. मालक मग कार्बोरेटरची जेट बदलत बसतो.

स्प्रिंगांवर काही लिहिलेलं नसतं. साधारण एक बारीक तारेची आणि ताठ बसलेली असते, दुसरी जाड, आणि तिच्या टोकाची कडी लांबट असल्यामुळे ती आधी सैल लटकते. पहिली कमी आरपीएमला काम करते, दुसरी नंतर पकडते. दोन्ही हुबेहूब सारख्या असतील तर कोणीतरी हात घातलाय. स्प्रिंगा खऱ्या आहेत का हे डोळ्यांनी ठरत नाही. डायल असलेली टायमिंग लाइट लावून दर ४००-५०० आरपीएमला वाचन घेणं हाच उपाय.

फिरण्याची दिशा तपासायला तर काहीच लागत नाही. शाफ्ट खालून धरून रोटर बोटांनी हलकेच पिळावा. तो एका बाजूला थोडा जातो आणि स्प्रिंगमुळे परत येतो. ज्या बाजूला जातो ती त्याची फिरण्याची दिशा. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ए-सिरीज आणि बी-सिरीज इंजिनांत, म्हणजे मिनीत, एमजीबीत आणि जुन्या १४८९ सीसी अॅम्बेसेडरमध्ये, वरून पाहताना रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. रोटर परतच आला नाही, तर आत गंज आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे. भाव पाडायला हा मुद्दा उत्तम.

खालचं टोकही बघावं. ए आणि बी सिरीजच्या शाफ्टच्या टोकाला एक आडवी जीभ असते, आणि ती मुद्दाम मध्यापासून जराशी सरकवलेली असते, जेणेकरून डिस्ट्रिब्युटर एकाच पद्धतीने बसावा. ती पिनेने अडकवलेली असते. खोलताना कोणी उलटी बसवली असेल तर रोटर १८० अंश भलतीकडे बघतो, कार्बोरेटरमधून फटाके वाजतात आणि गाडी सुरू होत नाही. जिभेऐवजी टोकाला गिअर असेल तर तो या इंजिनांचा नव्हे. अंगातून बाजूला टॅकोमीटरच्या (इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या मीटरच्या) केबलसाठी तोंड काढलेलं असेल तर तो ट्रायम्फच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या, स्पिटफायर किंवा टीआरच्या घराण्यातला. त्याच घराण्यातल्या, आपल्याकडे बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डला टॅकोमीटर नव्हता, त्यामुळे "हेरल्डचा आहे" हे ऐकून घ्यावं आणि पुढे सरकावं. व्हॅक्यूमची नळी आट्यांच्या नटाने बसणारी असेल तर तुकडा आधीच्या काळातला, नुसती रबरी नळी सरकवायची असेल तर नंतरचा.

गोत्र जुळलं तरी तब्येत वेगळी. सगळ्यात जास्त झीज शाफ्टच्या बुशांची (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळकांड्यांची). कॅम धरून आडवी हलवून पाहावी. खडखड जाणवली तर पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडणार आणि टायमिंग नाचणार. बुश बदलता येतात, पण त्यासाठी लेथवाला चांगला लागतो, आणि तो खर्च भावातून वजा करूनच बोली लावावी. डबी तपासायला तिच्या नळीला तोंडाने ओढ द्यावी आणि जिभेने भोक बंद करावं. प्लेट फिरून तशीच थांबली तर पडदा शाबूत, सुर्रकन परत आली तर फाटलेला.

दोन बारीक वायरींकडे कोणी बघत नाही: प्लेटची अर्थिंगची आणि पॉइंटला करंट देणारी. प्लेट हलताना त्या सतत वाकतात आणि आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून धडधाकट दिसतात. मग गाडी उभी असताना झकास आणि रस्त्यावर अॅक्सिलरेटर सोडला-दाबला की मिस, अशी तक्रार येते. मीटर लावून, प्लेट हाताने हलवत तपासल्याशिवाय हे सापडत नाही. बदलताना मऊ, बारीक तारांची वायरच घालावी. घरातल्या फिटिंगची कडक वायर घातली तर प्लेट अडकते.

नव्या मालात रोटर हा कच्चा दुवा. हलक्या रोटरच्या पितळी पट्टीची रिव्हेट खाली शाफ्टच्या फार जवळ येते आणि करंट तिथून सरळ शाफ्टला उडी मारतो. गाडी अचानक, पूर्ण बंद. रिव्हेट नसलेला रोटर घ्यावा. कंडेन्सरही ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास आहे का ते मीटरने पाहून घ्यावं, पाकीट नवं आहे म्हणून विश्वास ठेवू नये.

बसवताना पॉइंट पूर्ण उघडे असताना फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ६० अंश, तीन इकडेतिकडे. रोटरखालच्या स्क्रूवर इंजिन ऑइलचे दोन थेंब, कॅमवर ग्रीसचा पुसट हात. जास्त झालं की पॉइंटवर उडतं. कॉइलही (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) मोजावी: साधी १२ व्होल्टची कॉइल प्राथमिक बाजूला ३.१ ते ३.५ ओहम दाखवते, बॅलास्टवाली (जिच्यासोबत वेगळा रेझिस्टर लागतो ती) साधारण दीड. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली तर पॉइंट जळतात आणि दोष डिस्ट्रिब्युटरवर येतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट घालायचा बेत असेल तर किट २५डी४चंच हवं, ४५डी४चं बसत नाही, आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे का (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे का) हे आधी पाहावं. पॉइंटना अर्थ कुठलाही चालतो, किट उलट्या जोडणीत लगेच जळतं.

आता निवाडा. बाजारात २५डी४च्या नावाने नवे तयार तुकडेही मिळतात. दिसायला चकचकीत, शाफ्ट घट्ट, पण अॅडव्हान्स सगळ्या गाड्यांना एकच. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीसाठी ते चालून जातं. जिला मूळ रूपात उभं करायचंय, तिला नंबर जुळणारा जुना तुकडाच घ्यावा, शाफ्ट थोडा ढिला असला तरी, कारण बुश नवे करता येतात आणि बरोबर आकड्याची कॅम शोधत वर्ष जातं. नंबर खोडलेला, डबी नसलेला आणि रोटर न परतणारा तुकडा मात्र पूर्ण म्हणून घेऊ नये. सुट्या भागांच्या भावात मिळाला तर अंग आणि क्लिपांसाठी ठीक. जाताना खिशात टॉर्च, छोटा स्क्रूड्रायव्हर, रॉकेलचं फडकं आणि वीतभर रबरी नळी ठेवावी. दुकानदाराने टोपी उघडू दिली नाही तर पुढच्या ढिगाकडे वळावं.