सिटी व्हीटेकमध्ये इरिडियम प्लग: पावसाळाभर वापरून झालेलं मत

इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो स्पार्क प्लग; टोकाला इरिडियम धातू असलेल्या अशा एका प्लगच्या पैशात साध्या निकेलच्या प्लगचा चारचा सेट येतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं लिहिताना माझ्या डोक्यात हाच हिशेब चालू आहे. गाडी २००२ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा), १०६ बीएचपीवाली. ज्यांच्याकडे आहे त्यांना जास्त सांगायला नको.

मुळात इरिडियम घ्यायचे नव्हतेच. मेच्या शेवटी बेळगावातल्या एका दुकानातून नेहमीचेच साधे प्लग घेतले. ओळखीचा खोका, ओळखीचा नंबर. मग गोव्याला गेलो, येताना साखळीत टाकी फुल केली (तिथलं पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, रिकाम्या टाकीनं परत येणारा माणूस मला अजून भेटायचा आहे) आणि चोर्ला घाट चढताना गाडी मिसिंग करायला लागली. पाय दाबला की फडफड. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला शिव्या घालत कणकुंबी, जांबोटी करत कसाबसा घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी प्लग काढून तळहातावर ठेवला, तर त्याचा वॉशर आपला आपण गळून खाली पडला. "मालक, डुप्लिकेट हाय की हे," म्हणाले आणि पुढचा खोलायला घेतला.

आता त्या वॉशरबद्दल. एवढ्याशा कडीवर इतकं काय बोलायचं, असं वाटेल, पण मी बोलणार. खऱ्या प्लगचा वॉशर आट्यांवरून सहज निघत नाही, डुप्लिकेटचा बऱ्याचदा निघतो. दुकानात उभ्या उभ्या खोका उघडून एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं. हा वॉशर आतून पोकळ असतो, आवळताना चेपतो आणि कॉम्प्रेशन अडवतो. शिवाय प्लगच्या टोकाची बरीचशी उष्णता आटे आणि ही बैठक यांच्यातूनच इंजिनच्या हेडमध्ये (प्लग बसतो तो वरचा भाग) उतरते. प्लग ढिला राहिला तर टोक तापतं, आणि फारच तापलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. उलट जास्त आवळला तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले म्हणून समजा, आणि ते काम प्लगच्या किमतीत होत नाही. नवा प्लग थंड इंजिनात हातानं टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. काढून परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे. घड्याळातल्या बारावरून एकवर, बस्स. गॅरेजमधली पोरं मात्र पान्याला पाइप लावून लोंबकळतात. मी हात धरून थांबवलं.

दुकानदार काही दाद देईना. "खोकं फोडलासा की, आता परत कसं घ्यायचं?" त्या रागात अधिकृत विक्रेत्याकडून, पक्की पावती करून, इरिडियमचा सेट उचलला. राग महाग पडतो, पण निदान माल खरा होता.

आणि खरं सांगतो, जून-जुलै मी त्या प्लगचं कौतुक करत फिरलो. खानापूर भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. रात्रभर भिजलेली गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू, आयडलिंगला सुई जागची हलत नाही, वरच्या आरपीएमला व्हीटेक उघडतानाही कुठे अडखळ नाही. कारणही पटण्यासारखं आहे. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४०० अंशांच्याही वर. म्हणून त्याचं टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते.

गणपतीनंतर मिस्त्रींनी प्लगच्या वायरी बदलल्या. जुन्यांना अंधारात बॉनेट उघडून बघितलं तर निळ्या ठिणग्या दिसायच्या. नव्या वायरींवर मी मुद्दाम खरे निकेलचे प्लग बसवून गाडी चालवली. फरक? मला तरी कळला नाही. ना घाटात, ना वंटमुरीच्या चढाला, ना मायलेजमध्ये. म्हणजे इरिडियम इतके दिवस मेलेल्या वायरींचं दुखणं झाकत होता. जुनी डिस्ट्रिब्युटरवाली (एकाच ठिकाणाहून सगळ्या प्लगांना आळीपाळीनं करंट वाटणारी) गाडी असेल तर आधी वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर बघा, आणि प्लग बसतो त्या खोल भोकात ऑइल साचलंय का तेही.

राहिली आयुष्याची गोष्ट. खोक्यावर इरिडियम लिहिलं म्हणजे लाख किलोमीटर चालतोच असं नाही. स्वस्तातल्या बऱ्याच इरिडियम प्लगांत फक्त मधलं टोक इरिडियमचं असतं, वरची वाकडी पट्टी निकेलचीच. दोन्हीकडे भारी धातू असलेला प्लग वेगळा आणि आणखी महाग. माझी गाडी रविवारी बाहेर निघते, तिला लाखाचं आयुष्य घेऊन करायचंय काय?

टिळकवाडीतल्या एका हौशी मित्रानं पुस्तकातल्या नंबरापेक्षा एक पायरी थंड प्लग (म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा) घाल म्हणून सांगितलं होतं, 'परफॉर्मन्स'साठी. मी नाही घातला. टोक साधारण ४५० अंशांवर गेल्याशिवाय त्यावरची काजळी जळत नाही, आणि गणपत गल्लीत रांगणाऱ्या गाडीचं टोक थंड प्लगमध्ये तिथवर पोचणं कठीण. नंबर बघताना एक लक्षात ठेवा. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट. एनजीकेच्या नंबराशेवटी ११ असेल तर गॅप, म्हणजे मधलं टोक आणि वाकड्या पट्टीतलं अंतर, १.१ मिमी. गॅप तपासायचाच झाला तर इरिडियमच्या बारीक टोकाला फिलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) टेकवून जोर देऊ नका, ते तुटतं.

सध्या गाडीत निकेलच आहे, इरिडियमचा सेट डब्यात. स्कोडाच्या ऑक्टेव्हिया व्हीआरएससारख्या टर्बो गाड्यावाल्यांनी मात्र हे मत उचलू नये. टर्बोच्या दाबात ठिणगी उडायला अवघड जाते, गॅप आमच्यापेक्षा कमी लागतो, आणि रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली) असेल तर एक पायरी थंड प्लगही योग्य ठरू शकतो. तिथे प्लगात पैसे वाचवा असं मी सांगणार नाही.